टनामागे दोन किलो



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पुढे तिचे लोण गावोगावी पोचले आणि संध्याकाळी सतरंजीवर बसून एखादा विषय तासभर ऐकण्याची सवय आपल्याला लागली. दौंडमधले आजचे हे व्याख्यान ज्यांच्या स्मरणार्थ आहे ते गुरुजी शाळेत विज्ञान शिकवीत. म्हणून मी विषयही शाळेच्या टेबलावर मांडता येईल असाच घेतला आहे. प्लास्टिकवर आपल्याकडे दोन प्रकारची भाषणे होतात. एक, प्लास्टिक वापरू नका असे सांगणारे. दुसरे, त्याशिवाय आता चालत नाही असे सांगणारे. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्हींत प्लास्टिक हा पदार्थ काय आहे हे सांगायचे राहून जाते. मी आज तेवढेच सांगणार आहे, आणि तेही एका प्रश्नापुरते: मुळात दुधी दिसणारे प्लास्टिक नितळ कसे होते?

या टेबलावर दोन डबे आहेत. दोन्ही उलटे करून पाहिले तर बुडाला बाणांचा त्रिकोण आणि त्यात ५ हा आकडा. म्हणजे दोन्ही पॉलिप्रोपिलीनचे, बाजारात ज्याला नुसते ‘पीपी’ म्हणतात त्याचे. एक धुक्यातून पाहावे तसा दुधी आहे, दुसऱ्यातून आतल्या शेंगदाण्यांची साले मोजता येतात. आता दुधी डबा वर्तमानपत्रावर टेकवतो. पहिल्या रांगेतल्यांना दिसेल, बूड कागदाला चिकटलेले असेपर्यंत मथळा वाचता येतो. डबा चार बोटे वर उचलला की अक्षरे विरघळतात. दुसरा डबा हातभर उचलला तरी बातमी वाचता येते.

या छोट्या प्रयोगात अर्धे उत्तर आहे. दुधी डबा प्रकाश गिळत नाही. गिळत असता तर कागदाला टेकवल्यावरही अंधारच दिसला असता. प्रकाश आरपार येतो, पण येताना त्याची वाट फिरते. अक्षराच्या एका बिंदूपासून निघालेले किरण सरळ डोळ्यापर्यंत न येता इकडेतिकडे पांगतात. जवळ असताना पांगायला जागा नसते, म्हणून अक्षर दिसते. कारखान्यातल्या प्रयोगशाळेत हेच मोजतात. नमुन्यावर प्रकाशाचा झोत सोडायचा आणि पार झालेल्या प्रकाशापैकी किती टक्के प्रकाश मूळ दिशेपासून अडीच अंशांहून जास्त ढळला ते पाहायचे. त्या टक्केवारीला ‘हेझ’ म्हणतात. साध्या पीपीच्या एक मिलिमीटर जाडीच्या चकतीचा हेझ साधारण साठ टक्क्यांच्या पुढे असतो. त्याच पीपीत योग्य रसायन घातले की तो विसाच्या आसपास येतो आणि पीपीचा योग्य प्रकार निवडला तर दहाच्याही खाली जातो. ते रसायन किती घालायचे? टनामागे साधारण दोन किलो. म्हणजे हजार भागांत दोन भाग.

दोन किलोंनी हे कसे साधते, हे समजून घ्यायचे तर आधी डबा दुधी का होतो ते पाहिले पाहिजे.

पॉलिप्रोपिलीन म्हणजे प्रोपिलीन वायूचे हजारो रेणू एकापुढे एक जोडून झालेली लांब साखळी. प्रत्येक दुव्याला बाजूला एक छोटा गट लोंबत असतो. हे गट वाटेल तसे, काही डावीकडे काही उजवीकडे, लागले तर पदार्थ चिकट आणि डब्यांसाठी निरुपयोगी होतो. सगळे एकाच बाजूला लागले तर साखळी सुबक गुंडाळली जाते, साखळ्या शेजारी शेजारी रचल्या जातात आणि पदार्थ घट्ट व चिवट होतो. मिलानमध्ये प्राध्यापक जुलिओ नाट्टा यांनी मार्च १९५४ मध्ये असे शिस्तीचे पॉलिप्रोपिलीन तयार केले. कार्ल झीगलर या जर्मन रसायनज्ञाने शोधलेले उत्प्रेरक त्यासाठी वापरले होते. १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघांना मिळून मिळाले. आज आपल्या राज्यात रायगड जिल्ह्यात नागोठण्याला पॉलिप्रोपिलीन बनते.

साखळ्यांची ही शिस्तच डब्याला दुधी करते. वितळलेले पीपी साच्यात थंड होऊ लागले की साखळ्या रचल्या जातात, म्हणजे स्फटिक बनू लागतात. पण सगळा पदार्थ स्फटिक होत नाही. सुमारे निम्मा भाग रचला जातो, उरलेला गुंताडा तसाच राहतो. रचलेल्या भागाची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ०.९४ ग्रॅम, गुंताड्याची सुमारे ०.८५. घनता वेगळी, म्हणून प्रकाश त्यांच्यातून वेगवेगळ्या वेगाने जातो, आणि जिथे वेग बदलतो तिथे किरण वळतो. त्यातून हे स्फटिक एका केंद्रापासून चहूकडे पसरत गोळे बनवतात. या गोळ्यांना स्फेरुलाइट म्हणतात. त्यांचा व्यास दहा ते शंभर मायक्रॉन भरतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी आहे ०.४ ते ०.७ मायक्रॉन. प्रकाशाच्या मापाने हे गोळे प्रचंड आहेत. एका डब्याच्या भिंतीत असे असंख्य गोळे एकमेकांना भिडून बसलेले असतात आणि प्रत्येक किरणाला वाटेत धक्के देत असतात. धुके दिसते ते यामुळे.

इथे कुणीही म्हणेल की मग स्फटिक होऊच देऊ नयेत. काही प्लास्टिकांत तसेच केले जाते. पॉलिस्टायरीनच्या साखळीत शिस्त नसते, म्हणून ते स्फटिक होत नाही आणि काहीही न घालता काचेसारखे दिसते. त्यातच रबराचे कण मिसळले की ते चिवट होते आणि लगेच दुधी होते. नागोठण्याजवळ आमडोशीला सुप्रीम पेट्रोकेमचा कारखाना हे दोन्ही प्रकार बनवतो. शेजारच्या शिरूर तालुक्यात रांजणगावला फ्रिज बनतात. फ्रिजमधला भाजीचा नितळ ट्रे बहुधा पहिल्या प्रकारच्या पॉलिस्टायरीनचा असतो. पाण्याची बाटली असते पीईटीची. पीईटी स्फटिक होऊ शकते, पण फार सावकाश. ते झटकन थंड केले आणि ताणले की नितळ राहते. त्या बाटलीत उकळते पाणी ओतून पाहा. बाटली आकसते आणि जागोजागी पांढरी पडते, कारण उष्णतेने साखळ्यांना रचायला सवड मिळते.

पण पीपीतले स्फटिक काढून टाकले तर पीपी घेण्याचे कारणच उरत नाही. पीपी १६० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते, म्हणून त्यात गरम वरण चालते, मायक्रोवेव्ह चालतो, दवाखान्यातले वाफेचे निर्जंतुकीकरणही चालते. हे सगळे गुण स्फटिकांमुळे आहेत. तेव्हा स्फटिक ठेवायचे आणि धुके घालवायचे, असा हा पेच आहे.

तो सुटतो कसा, हे दौंड तालुक्यात सांगायला सोपे जाते, कारण इथे साखर कारखान्यात पॅनवर काम केलेली माणसे घरोघरी आहेत. पाटसच्या भीमा कारखान्यात किंवा आलेगावच्या दौंड शुगरमध्ये पॅनमध्ये रस निर्वातात आटवतात. रस साखरेने पुरता भरला, म्हणजे आता साखर बाहेर पडायला टेकली, की पॅनमन बीज सोडतो. स्पिरिटमध्ये बारीक घोटलेल्या साखरेची ती स्लरी असते. लिटर दोन लिटर स्लरी टनांनी भरलेल्या पॅनला पुरते. मग प्रूफ स्टिकने नमुना काढायचा, काचेच्या पट्टीवर पसरायचा आणि दिव्यासमोर धरून दाणा बघायचा. बीजाचे कण जास्त, तर तेवढ्याच साखरेचे वाटेकरी जास्त आणि दाणा बारीक. कण कमी, तर दाणा मोठा. एस-३० आणि एम-३० या साखरेच्या प्रतींमधला दाण्याचा फरक असा ठरतो. बीज न घालता रस आपल्या मनाने सुटू दिला तर लहानमोठा, वेडावाकडा दाणा पडतो.

वितळलेल्या पीपीचेही असेच आहे. काही घातले नाही तर धूळ, उत्प्रेरकाचे उरलेले कण अशा मिळेल त्या आधारावर मोजकी केंद्रे तयार होतात आणि प्रत्येक केंद्राभोवती मोठा गोळा वाढतो. आधीच असंख्य केंद्रे पेरून ठेवली तर कुठलाच गोळा मोठा होऊ शकत नाही. शेजारचा येऊन भिडतो आणि वाढ थांबते. हिशेब करून पाहू. एका घनसेंटिमीटरमध्ये दहा लाख केंद्रे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला शंभर मायक्रॉन बाजूचा घन येतो. एक लाख कोटी केंद्रे असतील तर एक मायक्रॉन बाजूचा. एकूण स्फटिक तेवढेच राहतात, किंबहुना किंचित वाढतात. फक्त त्यांचे माप प्रकाशाच्या मापाजवळ आणि त्याखाली येते.

आता एक शंका. साखरेचा दाणा काचेसारखा दिसतो आणि तोच मिक्सरमध्ये फिरवला की पिठीसाखर पांढरीफेक होते. म्हणजे बारीक केल्याने पारदर्शकता जाते. मग प्लास्टिकमध्ये उलटे कसे? शंका रास्त आहे आणि उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग असा की पिठीसाखरेच्या कणांमध्ये हवा असते. साखर आणि हवा यांच्यात प्रकाशाच्या वेगाचा फरक फार मोठा आहे, म्हणून प्रत्येक कडेवर किरण जोरात वळतो. पीपीत स्फटिक आणि गुंताडा यांच्यात तो फरक थोडका आहे. दुसरा भाग मापाचा. पिठीसाखर कितीही बारीक केली तरी तिचा कण काही मायक्रॉनचा, बहुधा काही दशक मायक्रॉनचा राहतो. प्रकाशाच्या तरंगापेक्षा तो मोठाच असतो. कण तरंगलांबीच्या बराच खाली गेला की नियम बदलतो. लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये तो मांडला. त्या टप्प्यात कणाचा व्यास निम्मा केला तर एका कणाचे पांगवणे चौसष्टपटींनी कमी होते. निम्म्या व्यासाचे कण संख्येने आठपट होतात हे धरले, तरी एकूण पांगवणे आठव्या हिश्श्यावर येते. म्हणजे धुके कमी करायला अडथळे हटवावे लागत नाहीत, त्यांचे माप उतरवावे लागते. आजच्या व्याख्यानाचा गाभा एवढाच आहे.

आता त्या दोन किलोंकडे येऊ. केंद्र म्हणून काय घालायचे? पहिले प्रयत्न झाले ते बारीक पूड मिसळण्याचे. टाल्क, म्हणजे टाल्कम पावडरमधले खनिज, घालून पाहिले. लोणच्या-सॉसमध्ये टिकाऊपणासाठी घालतात ते सोडियम बेंझोएटही चालले. या पदार्थांनी पीपी लवकर गोठते, जरा कडकही होते, पण नितळ म्हणावे असे होत नाही. कारण पूड कितीही दळली तरी तिचे कण मोठे राहतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि ते कण स्वतःच प्रकाश पांगवतात. बीजच दिसू लागले तर काय उपयोग?

खरे उत्तर सापडले ते सॉर्बिटॉलमध्ये. सॉर्बिटॉल आपल्या तोंडात रोज जाते. टूथपेस्ट सुकू नये म्हणून ते घालतात आणि साखरमुक्त गोळ्यांना गोडी देते तेही तेच. ते बनते मक्यापासून. मक्याचा स्टार्च, स्टार्चचे ग्लुकोज, आणि ग्लुकोजवर निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन चढवला की सॉर्बिटॉल. आपल्याकडे धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याला मक्यापासून स्टार्च आणि ग्लुकोज काढणारा कारखाना आहे, म्हणजे या वाटेचा पहिला टप्पा महाराष्ट्राला नवा नाही. १८९१ साली म्यूनिए या फ्रेंच रसायनज्ञाने सॉर्बिटॉल आणि बेंझाल्डिहाइड यांचा संयोग घडवला. बेंझाल्डिहाइड म्हणजे कडू बदामाच्या वासाचा द्रव. त्यातून जो पांढरा पदार्थ मिळाला त्याचे नाव डायबेंझिलिडीन सॉर्बिटॉल. सोयीसाठी डीबीएस म्हणू. त्याची खोड अशी की चिमूटभर डीबीएस गरम द्रवात विरघळवून थंड केले की अख्खा द्रव जेलीसारखा थिजतो.

प्लास्टिकसाठी त्याचा उपयोग होईल हे लक्षात यायला मध्ये ऐंशीएक वर्षे गेली. १९७० च्या दशकात जपानी रसायनज्ञांनी डीबीएस पीपीत घालून ते नितळ करून दाखवले. पुढे अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनाच्या मिलिकेन कंपनीने, जी मुळात कापडाच्या धंद्यातली, या रसायनांना जगभर बाजार मिळवून दिला.

डीबीएसचे काम चालते कसे तेही सांगतो, कारण त्यात खरी गंमत आहे. सॉर्बिटॉलच्या रेणूला सहा हायड्रॉक्सिल गट असतात. त्यातले चार बेंझाल्डिहाइडच्या दोन रेणूंना जोडण्यात खर्ची पडतात, दोन मोकळे राहतात. गरम, वितळलेल्या पीपीत डीबीएस साखरेसारखे विरघळून जाते. त्याचे कण उरतच नाहीत. साच्यात तापमान उतरू लागले की ते मोकळे गट शेजारच्या रेणूला हायड्रोजन बंधाने धरतात. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असा तंतू बनतो. तंतूंचे जाळे बनते. आणि हे सगळे पीपी गोठायला लागण्याच्या आधी घडते. पीपीच्या साखळ्या रचल्या जाऊ लागतात तेव्हा साऱ्या द्रवात हे जाळे पसरून तयार असते आणि साखळ्या त्यावर रचल्या जातात.

या तंतूंची जाडी साधारण दहा नॅनोमीटर. प्रकाशाच्या तरंगापेक्षा चाळीस ते सत्तरपट बारीक, म्हणून तंतू स्वतः दिसत नाहीत. एका घनसेंटिमीटर पीपीत हजारी दोन भाग डीबीएस असेल आणि त्या सगळ्याचे असे तंतू झाले तर त्यांची एकूण लांबी किती भरेल? कागद-पेन्सिल घेऊन करता येणारा हिशेब आहे. उत्तर येते पंधरा ते वीस हजार किलोमीटर. म्हणजे पृथ्वीच्या परिघाच्या जवळजवळ निम्मे अंतर, बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यात. टनामागे दोन किलो पुरतात ते यामुळे.

मात्र निम्मे घातले तर निम्मा परिणाम, असे इथे चालत नाही. प्रमाण एका मर्यादेखाली गेले की जाळे एकसंध विणले जात नाही आणि धुके फारसे हटत नाही. फार वाढवले तरीही उपयोग नाही. जास्तीचे रसायन विरघळत नाही, त्याचे ठिपके दिसतात किंवा ते पृष्ठभागावर येते. साचेकामाच्या शॉपमध्ये हे रोज अनुभवाला येते. मशीनच्या बॅरलचे तापमान कमी ठेवले तर पीपी वितळते, पण त्यातले डीबीएस पुरते विरघळत नाही आणि डब्यात पांढरे कण दिसतात. नवा ऑपरेटर मालाला दोष देतो; जुना आधी तापमान पाहतो. साच्याची पॉलिश आरशासारखी नसेल तर आतून नितळ असलेला डबा वरच्या ओरखड्यांनी धूसर दिसतो. भिंत जाड केली की हेझ वाढतो. आणि पीपीच्या साखळीत मध्ये मध्ये थोडे इथिलीन जोडलेला प्रकार घेतला तर स्फटिक आणखी लहान राहतात, डबा आणखी नितळ होतो, पण जरा मऊ पडतो.

कारखानदाराला या रसायनाचा दुसराही फायदा आहे, आणि खरे सांगायचे तर अनेकदा तो त्यासाठीच ते घेतो. केंद्रे तयार असल्याने पीपी लवकर गोठते. एरवी ११० अंशांच्या आसपास गोठू लागणारा माल १२५ च्या वरच गोठू लागतो. साचा लवकर उघडता येतो. प्रत्येक शॉटला दोन-चार सेकंद वाचले तरी पाळीच्या शेवटी डब्यांचा ढीग मोठा दिसतो आणि विजेचे बिल तेवढेच राहते.

पहिल्या पिढीच्या डीबीएसला एक खोट होती, ती म्हणजे वास. गरमीत त्याचे थोडे विघटन होऊन बेंझाल्डिहाइड सुटे आणि खाण्याच्या डब्याला बदामाचा वास येई. रसायनज्ञांनी मग डीबीएसमधल्या बेंझीनच्या कड्यावर मिथिल गट जोडले, आधी एक, पुढे दोन. दोन गटांचा प्रकार १९९० च्या दशकात रुळला. त्याला वास कमी आणि नितळपणा जास्त. त्यानंतरच्या प्रकारात सॉर्बिटॉलच्या जागी त्याचा अधिक लांब कर्बसाखळीचा भाऊबंद आला, जो पीपीत अधिक विरघळतो आणि कमी तापमानाला काम करतो. २००५ च्या सुमारास जर्मनीत बायरॉइट विद्यापीठ आणि स्वित्झर्लंडची सीबा कंपनी यांच्याकडून बेंझीन ट्रायअमाइड नावाचा वेगळाच वर्ग पुढे आला. त्याची मात्रा टनामागे दोनशे ग्रॅमच्या आसपास. दोन किलोंचे काम दोनशे ग्रॅमवर आले.

या नितळपणाची गरज कुणाला? नुसत्या दिखाऊपणाचा प्रश्न असता तर मी एवढा वेळ घेतला नसता. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला आहे का हे नर्सला दिसले पाहिजे. ते नळकांडे बहुतेकदा पीपीचे असते. तान्ह्या बाळाच्या दुधाची बाटली पूर्वी पॉलिकार्बोनेटची असे, काचेसारखी आणि न फुटणारी. पण त्यातून बिस्फेनॉल ए हे संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणारे रसायन थोड्या प्रमाणात सुटते, हे पुढे आले. युरोपीय संघाने २०११ मध्ये बाळाच्या बाटल्यांत ते बंद केले, अमेरिकेने २०१२ मध्ये. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोच्या २०१५ च्या मानकानेही बिस्फेनॉल ए असलेल्या बाटल्यांना दार बंद केले. तेव्हा उकळता येईल, फुटणार नाही आणि दूध कितपत उरले ते दिसेल अशी पर्यायी बाटली हवी होती. ती नितळ पीपीने दिली. दुधी पीपी आयांनी हातात घेतले असते की नाही, मला शंका आहे.

आता आपल्या घराजवळ येतो. दौंडपासून जवळच कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे. आपल्याला ती ठाऊक आहे ती बऱ्याचदा वासावरून, सांडपाण्याच्या तक्रारींवरून आणि मध्येच लागणाऱ्या आगींच्या बातम्यांवरून. त्या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या करत राहिले पाहिजे. पण तिथे काय बनते, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असते. सिप्लाचा औषधद्रव्यांचा कारखाना तिथे आहे. आणि क्लीन सायन्स अँड टेक्नॉलॉजी ही २००३ साली सुरू झालेली पुण्याची कंपनी तिथे जी रसायने बनवते त्यातली काही थेट आजच्या विषयाशी जोडलेली आहेत.

त्यातले एक एमईएचक्यू. ॲक्रिलिकचा कच्चा द्रव टाकीत साठवला असताना आपोआप घट्ट होऊ नये म्हणून ते दशलक्षात काही भाग, ॲक्रिलिक आम्लात साधारण दोनशे भाग, मिसळतात. दुकानाच्या पाटीची नितळ ॲक्रिलिक शीट ज्या द्रवापासून बनते, तो द्रव वाटेत बिघडू नये याची ही तजवीज. एमईएचक्यूच्या जगातल्या मोठ्या उत्पादकांत या कंपनीची गणना होते. दुसरे हॅल्स, ते कंपनीच्या उपकंपनीमार्फत अलीकडे कुरकुंभलाच बनू लागले. पीपीवर ऊन पडले की अतिनील किरणांनी साखळ्या तुटतात, पृष्ठभागाला सूक्ष्म चिरा पडतात आणि नवा नितळ डबा गच्चीवर वर्षभरात पांढुरका, ठिसूळ होतो. हॅल्सचा रेणू तुटलेल्या साखळीचे मोकाट टोक पकडतो, त्याचा उपद्रव थांबवतो आणि पुन्हा पुढच्या कामाला मोकळा होतो. एकच रेणू हे पुनःपुन्हा करतो, म्हणून त्याचीही मात्रा हजारात एक-दोन भाग पुरते. डीबीएस प्लास्टिकला नितळ करते. हॅल्स त्याला उन्हात तसे राहू देते. पहिल्याचा जन्म मक्यात, दुसऱ्याचा एक कारखाना आपल्या तालुक्यात.

सुरक्षिततेबद्दल दोन शब्द. खाद्यपदार्थांच्या संपर्कातल्या पीपीसाठी आयएस १०९१० हे भारतीय मानक आहे. प्लास्टिकमधून अन्नात एकूण किती अंश उतरू शकतो याची मर्यादा २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांत घालून दिली आहे: किलोमागे ६० मिलिग्रॅम. चांगल्या कंपनीच्या नव्या दाण्यापासून झालेला डबा ही कसोटी सहज पार करतो. घोळ होतो तो दोन ठिकाणी. एक, खाण्याच्या वस्तूंसाठी नसलेल्या भंगाराच्या रीप्रोसेस दाण्यापासून स्वस्त डबे निघतात तिथे. दोन, आपण आइस्क्रीमच्या पातळ डब्यात उकळते तेल ओततो तिथे. नितळ दिसते म्हणून ते खाण्याजोगे, असे समजू नका. नितळपणा डोळ्यांना कळतो. शुद्धता प्रयोगशाळेला कळते.

कचऱ्याबद्दलही सांगायला हवे. ही रसायने घातल्याने पीपी नाहीसे होत नाही की लवकर कुजत नाही. महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणि केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या कित्येक वस्तूंवर बंदी आणली, ती योग्यच होती. जमेची बाजू एवढीच की नितळ पीपी शेवटी पीपीच असते. ते पाच आकड्याच्या मालाबरोबर वितळवता येते, आणि भंगाराच्या दुकानात बिनरंगी, स्वच्छ मालाला रंगीत खिचडीपेक्षा जास्त भाव मिळतो. म्हणून डबा टाकताना धुऊन, वेगळा करून टाका. रद्दी वेगळी ठेवायला आपण शिकलो, हेही जमेल.

शेवटी इथे बसलेल्या विद्यार्थ्यांशी आणि त्यांच्या पालकांशी. पॉलिमरचे संशोधन करणारी देशातली एक मोठी संस्था, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, १९५० पासून पुण्यात पाषाण रस्त्यावर आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर यांचे पॉलिमरवरचे काम तिथले. प्लास्टिकचे तंत्रशिक्षण देणारी सिपेट ही संस्था छत्रपती संभाजीनगरला आहे. कुरकुंभ तर घराजवळ आहे. असे असताना आपल्या तालुक्यातली मुले त्या फाटकातून बहुतेक ठेकेदाराच्या हजेरीवर आत जातात. प्रयोगशाळेतल्या खुर्च्यांवर बाहेरगावचे केमिस्ट बसतात. हे बदलता येण्याजोगे आहे. टनभर माल कुणीही वाहतो. त्यात कुठले दोन किलो, किती तापमानाला आणि का घालायचे हे ज्याला कळते, त्याला कारखाना शोधत येतो. बारावीला रसायनशास्त्र अवघड म्हणून सोडू नका. बीएस्सी केमिस्ट्रीच्या रिकाम्या जागा भरा. आणि पालकांनो, मुलगी कुरकुंभच्या प्रयोगशाळेत काम करते म्हणाली तर तिला अडवू नका.